गोळ्या मोजल्या, जंत कोणी मोजले?

जंतनाशक दिन पार पडला की आरोग्य यंत्रणेकडून एक आकडा जाहीर होतो: उद्दिष्ट किती मुलांचे होते आणि त्यांतल्या किती टक्के मुलांनी गोळी खाल्ली. आकडा बहुधा चांगलाच असतो, आणि तो चांगला म्हणून विषय तिथेच मिटतो. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची सुरुवात २०१५ साली झाली. महाराष्ट्र पहिल्याच टप्प्यात त्यात होता. तेव्हापासून १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देण्याचे काम आशा, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक करत आले आहेत. या कामाला नावे ठेवण्याचे कारण नाही. हरकत आहे ती त्या आकड्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला. अहिल्यानगर जिल्ह्यासारख्या ठिकाणी तो साधारण असा मांडता येतो: घरोघर शौचालये झाली, मुलांना वर्षातून एकदा-दोनदा गोळी मिळते, आणि जिल्हा तर बोलूनचालून अवर्षणप्रवण, मग जंतांचा प्रश्न आता उरला कुठे? या युक्तिवादाची तिन्ही कलमे थोडी थोडी खरी आहेत, म्हणूनच तो पटतो. पण तीन अर्धसत्यांची बेरीज पूर्ण सत्य होत नाही. ती कुठे चुकते हे पाहायचे असेल, तर आतड्यातल्या जंतांपैकी ज्याची चर्चा सर्वांत कमी होते, त्या चाबूक जंताकडे पाहावे. जगभरात या जंताची लागण झालेल्यांची संख्या २०१० साठीच्या अंदाजानुसार ४६ कोटींच्या वर होती. एवढ्या लोकांच्या आतड्यात ठाण मांडून बसलेला जीव एका गोळीच्या हिशेबात पुसला जात असेल, तर तो हिशेब एकदा तपासायलाच हवा.

चाबूक जंत तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याच्या शरीराचा पुढचा मोठा भाग दोऱ्यासारखा बारीक आणि मागचा आखूड भाग जाड असतो, म्हणून हे नाव. बारीक भाग तो मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, आतड्याच्या अस्तरात खुपसून ठेवतो आणि तिथेच वर्ष-दोन वर्षे मुक्काम करतो. गोल जंत आतड्यात मोकळा असतो. कधीतरी शौचातून बाहेर पडतो, आईला दिसतो आणि घरात धावपळ होते. चाबूक जंत बहुधा दिसतच नाही. त्याची एक मादी दिवसाला ३,००० ते २०,००० अंडी घालते, आणि ती सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखू येतात. ताज्या शौचातल्या अंड्यांपासून कोणालाही लागण होत नाही. ओलसर, उबदार, सावलीच्या मातीत ती दोन ते चार आठवडे राहिली की त्यांच्यात अळी तयार होते. मग न धुतलेल्या हातांवरून, कच्च्या भाजीवरून किंवा खेळता खेळता तोंडात गेलेल्या मातीतून ती पोटात जातात. अंकुश जंताची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, म्हणून चप्पल घालण्याचा सल्ला त्याच्यापुरता योग्य आहे. चाबूक जंताला चप्पल अडवत नाही. गूळ-साखर खाल्ल्याने जंत होतात ही घराघरातली समजूत तर या साखळीत कुठेच बसत नाही. पोटात गेलेल्या अंड्यापासून नवी अंडी घालणारी मादी तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे या रोगाच्या फेऱ्यात दोन मुक्काम आहेत, एक माणसाच्या आतड्यात आणि दुसरा मातीत. गोळी फक्त पहिल्या मुक्कामावर चालते, आणि तिथेही ती किती चालते हा पहिला प्रश्न आहे.

एकदाच दिलेली ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची गोळी गोल जंतावर उत्तम काम करते. दहातल्या नऊच्या आसपास मुले त्यातून बरी होतात. अंकुश जंतावरही ती बऱ्यापैकी चालते. चाबूक जंतावर मात्र तिची मात्रा फारशी लागू पडत नाही. जगभरातल्या चाचण्या एकत्र करून २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, एका गोळीने चाबूक जंतातून पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३१ टक्के निघाले, आणि शौचातल्या अंड्यांची संख्या घटली ती जेमतेम निम्म्याने. याचा साधा हिशेब करून पाहावा. चाबूक जंत असलेल्या १०० मुलांनी शिक्षकांसमोर गोळी चावून खाल्ली, तर अहवालात वाटप १०० टक्के होईल. पण त्यांतल्या ७० च्या आसपास मुलांच्या आतड्यात जंत कायम राहतील. एखाद्या मुलाच्या पोटात ५० माद्या असतील, तर कमीत कमी दराने धरले तरी दिवसाला दीड लाख अंडी बाहेर पडतात. गोळीने ती निम्मी केली तरी पाऊण लाख अंडी रोज मातीत जातच राहतात. जी मुले बरी होतात त्यांचेही बरेपण टिकत नाही. पुन्हा होणाऱ्या लागणीच्या अभ्यासांचा २०१२ चा एकत्रित आढावा सांगतो, की उपचारानंतर सहा महिन्यांत चाबूक जंताचे प्रमाण मूळच्या दोन-तृतीयांशापर्यंत आणि वर्षभरात चार-पंचमांशापर्यंत परत चढते. पेरणीचे हेक्टर मोजून उगवण किती झाली हे कळत नाही, हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. गोळ्यांच्या वाटपाचा आकडा पेरणीचा आहे. उगवणीचा आकडा शौचाच्या तपासणीतून मिळतो, आणि तो आपल्यासमोर येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की चाबूक जंत कोणाला मारत नाही. चार जंत पोटात असले म्हणून काय बिघडते? चार असले तर खरोखरच फार बिघडत नाही. थोडे जंत असलेल्या मुलात बहुधा काहीच लक्षण दिसत नाही, आणि हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. बिघडते ते जंतांची संख्या शेकड्यांत गेल्यावर. तेव्हा सतत आव पडते, शौचातून रक्त जाते, पोट दुखते, वाढ खुंटते, आणि टोकाच्या अवस्थेत गुदद्वाराचे अस्तर बाहेर येते, ज्याला आपल्याकडे आंग बाहेर येणे म्हणतात. एका चाबूक जंतामुळे दिवसाला सुमारे ०.००५ मिलिलिटर रक्त जाते असा अंदाज आहे. थेंबाचाही अंश वाटावा असा हा आकडा. पण जंत २०० असले तर दिवसाला एक मिलिलिटर, म्हणजे वर्षाला साडेतीनशे मिलिलिटरहून अधिक. ज्या मुलाच्या ताटात लोह आधीच कमी आहे, त्याला ही गळती परवडणारी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या जवळपास ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होते. हा सगळा रक्तक्षय जंतांमुळे आहे असे म्हणणे चुकीचे होईल. आहार, वारंवारचे ताप-जुलाब, आईचाच रक्तक्षय अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. पण ज्या राज्यात लोहाच्या गोळ्या वाटूनही रक्तक्षय वाढलेला दिसतो, तिथे रक्त कुठून गळते हे न पाहणे ही बेफिकिरी आहे. शिवाय जंतांची वाटणी सगळ्यांत सारखी नसते. एखाद्या वस्तीतले बहुतेक जंत थोड्याच माणसांच्या पोटात साठलेले असतात; चाबूक जंताच्या बाबतीत ती बहुधा पाच ते पंधरा वयाची मुले असतात. तीच मुले सर्वांत आजारी असतात आणि तीच इतरांना लागण देणारी असतात. गावाची सरासरी काढली की नेमकी हीच मुले सरासरीत बुडून जातात.

दुसरा आक्षेप जिल्ह्याच्या हवामानाचा आहे, आणि तो वजनदार आहे. चाबूक जंताच्या अंड्यांना कडक ऊन आणि कोरडेपणा सोसत नाही. जिल्ह्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला, पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे, पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात जमीन भाजून निघते. तिथल्या उघड्या माळावर या अंड्यांचा टिकाव लागणे कठीण, हे शास्त्राला धरूनच आहे. पण अहिल्यानगर जिल्हा म्हणजे तेवढाच माळ नव्हे. चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका सह्याद्रीला टेकला आहे. भंडारदऱ्याच्या वर घाटघर, रतनवाडीकडे पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि भातखाचरांची, झाडीच्या सावलीतल्या पाड्यांची जमीन कित्येक महिने ओली राहते. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या या वस्त्यांना जिल्ह्याच्या सरासरी पावसाचा दाखला लावणे म्हणजे कळसूबाईच्या पायथ्याला कर्जतचे हवामान चिकटवणे आहे. दुसरा ओला पट्टा निसर्गाने दिलेला नाही, माणसाने तयार केला आहे. भंडारदरा आणि मुळा धरणांचे कालवे, गोदावरीचे कालवे आणि जायकवाडीचा फुगवटा यांनी राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, राहुरी, नेवासे, शेवगाव या भागांत बारमाही ओल आणली. उभ्या उसाच्या फडात जमीन पाण्याने भिजलेली आणि पाचटाने झाकलेली असते, वरून ऊन पोहोचत नाही. अंड्याला पिकायला लागणारी ओल, सावली आणि ऊब तिथे एकत्र मिळते, आणि आडोशाला उसात जाण्याची सवयही जुनीच आहे. हा माझा तर्क आहे, मोजमाप नव्हे. पण कोरड्या जिल्ह्यात जंत नसतील हाही तर्कच आहे, आणि त्याच्या भरवशावर आपण निश्चिंत बसलो आहोत. दोन तर्कांतला निवाडा मातीची आणि शौचाची तपासणी करूनच लागेल.

तिसरे कलम शौचालयांचे. ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा एप्रिल २०१८ मध्ये झाली. त्यामागे दोन दशकांचे काम होते. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झाले, आणि या जिल्ह्यात हिवरे बाजारसारख्या गावाने लोटाबंदीला, म्हणजे उघड्यावर शौचाच्या बंदीला, आपल्या ग्रामविकासाच्या सूत्रांत स्थान दिले. हे श्रेय कोणी नाकारू नये. पण घोषणेनंतर वर्षभराने, २०१९ मध्ये, महाराष्ट्रात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतःच्या घरापुरते सुधारित शौचालय असलेल्या घरांत राहणारी लोकसंख्या ७२ टक्क्यांच्या आसपास निघाली. उरलेले सगळे उघड्यावर जातात असा याचा अर्थ नाही. त्यात सामाईक शौचालये वापरणारेही येतात. पण घोषणा आणि वस्तुस्थिती यांच्यात अंतर आहे, एवढे त्यातून कळते. आणि समजा प्रत्येक घरात शौचालय झाले, तरी जंत थांबतील का? ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या १०० गावांत झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. शौचालयांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले. जुलाब किंवा जंत मात्र कमी झाले नाहीत. शौचालय बांधले गेले, पण घरातले सगळे, सगळ्या वेळी ते वापरत नव्हते. उलट बांगलादेशातल्या एका मोठ्या चाचणीत, जिथे शौचालयाबरोबर लहान मुलांच्या शीची विल्हेवाट आणि रोजच्या वापरासाठी पाठपुरावाही होता, तिथे चाबूक जंत जवळपास तीस टक्क्यांनी घटले. म्हणजे शौचालय निरुपयोगी नाही. फक्त बांधलेले शौचालय पुरेसे नाही. लहान मुलाची शी निरुपद्रवी समजून उकिरड्यावर टाकली जाते, उकिरड्याचे खत परसात आणि शेतात जाते. सेप्टिक टाकी भरली की टँकरवाला मैला उपसून कुठेतरी सोडून देतो, आणि ते कुठेतरी कधी ओढ्याकाठ असते तर कधी शेत. शेतीत वापरायच्या सांडपाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिटरमागे जंताचे एकच अंडे ही मर्यादा ठेवली आहे. मैल्याच्या टँकरला ही मर्यादा लावायची, तर आधी तो कुठे रिकामा होतो याची नोंद हवी.

या तिन्ही कलमांची कसोटी एकाच ठिकाणी पाहायची असेल, तर ती ऊसतोड कामगारांच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, पाहावी. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून आणि शेजारच्या बीडमधून टोळ्या मुकादमाची उचल घेऊन निघतात. काही टोळ्या कारखान्याजवळच्या तळावर उतरतात, काही गावोगाव फडाजवळ. कोपीला शौचालय नसते, पाणी लांबून आणायचे असते, आणि मुले आई-बापांच्या मागे फडातच असतात. आता राष्ट्रीय जंतनाशक दिनाची ठरलेली तारीख पाहा: १० फेब्रुवारी. ही तारीख ऐन हंगामात येते. मूळ गावच्या शाळेच्या पटावर नाव असलेले मूल त्या दिवशी दीडशे किलोमीटरवर कोपीत असू शकते. योजनेच्या कागदात शाळाबाह्य मुलांना अंगणवाडीत गोळी देण्याची तरतूद आहे. पण दर काही दिवसांनी फड बदलणाऱ्या टोळीतले मूल कोणत्या अंगणवाडीच्या यादीत येणार? हंगामी वसतिगृहांत मागे राहिलेली मुले आणि ऑगस्टची फेरी यांनी ही उणीव काही अंशी भरून निघते, हे खरे. परंतु ऑगस्टमध्ये पाथर्डीत गोळी घेतलेले मूल दसरा-दिवाळीनंतर उघड्या तळावर राहायला जाते, तेव्हा आधी पाहिलेला पुन्हा लागणीचा हिशेब त्याच्या बाबतीत आणखी घाईने चालण्याची भीती असते. आणि त्याच्या आई-बापांना तर बहुधा गोळीच नाही. १ ते १९ हा मुख्य वयोगट ओलांडलेल्या बहुतेकांना जंतनाशक दिनात स्थान नाही. ज्या जिल्ह्याने १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला, त्या जिल्ह्यातल्या कारखान्यांना तळावर फिरती शौचालये आणि हात धुण्यापुरते पाणी देणे अवघड म्हणता येणार नाही.

आता उलट्या बाजूचा आक्षेप. जागतिक पातळीवरचे काही संशोधक म्हणतात, की सरसकट गोळ्या देण्याचा काही उपयोगच नाही, तेव्हा हा खटाटोप बंद करावा. त्यांच्यामागे पुरावा आहे. उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘देवता’ नावाच्या चाचणीत, दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊनही बालमृत्यूत लक्षणीय फरक दिसला नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यानेही सरसकट जंतनाशकाचा वजन, हिमोग्लोबिन किंवा शिक्षण यांवर सरासरीने फारसा परिणाम आढळत नाही असाच निष्कर्ष काढला. केनियात मात्र शाळेत जंतनाशक मिळालेल्या मुलांचा वीस वर्षांनी पाठपुरावा केला, तेव्हा त्यांचे उत्पन्न इतरांपेक्षा काहीसे जास्त निघाले, आणि या दोन पक्षांतला वाद अजून शमलेला नाही. मला वाटते, या वादात दोन्ही बाजू सरासरीशी झुंजत आहेत. ज्या शाळेत बहुतेक मुलांना जंत नाहीत किंवा मोजकेच आहेत, तिथे सगळ्यांना गोळी दिली तर सरासरी वजन वाढणार कुठून? जमैकात जास्त जंत असलेल्या मुलांवर उपचार केल्यावर त्यांची खुंटलेली वाढ पुन्हा जोमाने सुरू झालेली डॉक्टरांनी नोंदवली आहे. तिथल्याच स्मरणशक्तीच्या चाचण्यांचे निकाल मात्र संमिश्र आहेत. शिवाय जे औषध चाबूक जंतावर दहातल्या तीन मुलांतच पुरते चालते, त्याच्या चाचणीतून चाबूक जंत काढल्याने फायदा होत नाही असे कसे सिद्ध होईल? जंत निघालेच नाहीत, तर फायदा दिसायचा कसा? म्हणून या पुराव्यावरून निघणारा योग्य निष्कर्ष गोळी बंद करा असा नाही. गोळी कोणाला, कोणत्या जंतासाठी आणि किती उपयोगी पडली ते मोजा असा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेले उद्दिष्टही लागणीच्या तीव्रतेत मांडले आहे: मध्यम आणि तीव्र लागण दोन टक्क्यांखाली आणणे. आपला अहवाल गोळ्यांच्या टक्केवारीत आणि उद्दिष्ट अंड्यांच्या संख्येत, असा हा बेबनाव आहे.

आणखी दोन आक्षेपांना थोडक्यात उत्तर पुरे. एक म्हणजे, जंत पोटात असले की ॲलर्जी आणि आतड्यांचे काही विकार टळतात असे अलीकडे मोठ्या शहरांतून ऐकू येते. डुकराच्या चाबूक जंताची अंडी पाजून क्रोन्स हा आतड्यांचा रोग आवरण्याचा प्रयोग पाश्चात्त्य देशांत झाला. अपेक्षित फायदा न दिसल्याने २०१३ मध्ये मोठी चाचणी थांबवावी लागली. ज्या मुलाला आव पडते आहे त्याच्यासाठी हा युक्तिवाद क्रूर ठरतो. दुसरा आक्षेप घरगुती औषधांचा: वावडिंग, ओवा, पळसाच्या बिया. परंपरेत त्यांना स्थान आहे, पण अस्तरात डोके खुपसून बसलेल्या चाबूक जंतावर त्यांचा भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. ज्याला त्यांच्यावर विश्वास असेल त्यानेही उपायाआधी आणि उपायानंतर शौच तपासून घ्यावे. कसोटी गोळीला लावायची ती वावडिंगालाही लागू.

राहिला खर्चाचा आक्षेप: एवढी तपासणी कोण करणार, आणि पैसा कुठून येणार? सगळ्या मुलांची तपासणी कोणीच मागत नाही. हिवतापाच्या काचपट्ट्या आणि क्षयाची थुंकी पाहण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सूक्ष्मदर्शक आणि तंत्रज्ञ असतात. शौचाच्या काचपट्टीवर चाबूक जंताची अंडी ओळखणे त्याहून अवघड नाही. फार थोडी अंडी असलेली मुले या तपासणीत निसटतात, हे मान्य. पण आपल्याला शोधायची आहेत ती जास्त अंडी असलेली मुले, आणि ती निसटत नाहीत. अकोल्याचा डोंगरपट्टा, गोदावरी-प्रवरेचा ऊसपट्टा आणि पूर्वेकडचा कोरडा पट्टा, अशा तीन भागांतून काही शाळा आणि काही तळ निवडावेत. गोळीआधी आणि गोळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी त्याच मुलांची तपासणी करावी. लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्यार्थ्यांना ग्रामीण आरोग्याचे प्रकल्प करावेच लागतात; याहून उपयोगी प्रकल्प कोणता? या तपासणीची आणखी एक निकड आहे. शेळ्यामेंढ्यांच्या जंतांत याच जातीच्या औषधांना दाद न देणारे वाण जगभर निपजले आहेत, हे मेंढपाळांच्या या जिल्ह्यात पशुवैद्यांना ठाऊक आहे. माणसांच्या जंतांत तसे होऊ लागले, तर गोळ्यांच्या मोजणीतून त्याचा सुगावा कधीच लागणार नाही. जिथे चाबूक जंत जास्त निघेल, तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन दिवसांचा उपचार देता येतो. अल्बेंडाझोलला आयव्हरमेक्टिनची जोड देण्याचाही मार्ग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली आतड्यातल्या जंतांसाठी आयव्हरमेक्टिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. मात्र २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही जोडी लाओस आणि टांझानियातल्या पेम्बा बेटावर चांगली चालली, आयव्हरी कोस्टमध्ये चालली नाही; पुढे तिथला चाबूक जंत वेगळ्याच जातीचा असल्याचे आढळले. परक्या मातीतला निकाल आपल्या मातीला आपोआप लागू होत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला नको.

मोजमाप हे तज्ज्ञांचेच काम, गावाने फक्त गोळी खावी, असे कोणी म्हणत असेल तर त्याने याच जिल्ह्यातल्या जामखेडकडे पाहावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या, अनेकदा निरक्षर आणि दलित, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामाचे मर्म औषध वाटपापुरते नव्हते. आपल्या गावात कोण आजारी आहे आणि का, हे गावानेच जाणून घेण्यात ते होते. जंतांच्या बाबतीत आपण नेमके हे सोडून दिले आहे आणि वाटपाला मोजणीचे नाव दिले आहे. गोळी चालू ठेवावी, शौचालये वापरली जातील हे पाहावे, लहान मुलांची शी शौचालयातच जाईल आणि टँकरचा मैला ओढ्यात जाणार नाही याची जबाबदारी ग्रामपंचायतीने घ्यावी, कारखान्यांनी तळावर शौचालये द्यावीत. पण या सगळ्याचा उपयोग झाला की नाही हे सांगणारा आकडा एकच आहे. पुढच्या जंतनाशक दिनानंतर पालकांनी, ग्रामसभेने आणि जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी आरोग्य खात्याला किती गोळ्या वाटल्या हे विचारू नये. गोळीनंतर तीन आठवड्यांनी किती मुलांच्या शौचात अंडी सापडली, हे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत जंत संपले असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.